बाहेर पाऊस, आत देवमासा

वन्सं जपानहून आल्या तेव्हापासून
आमच्या घरात कानाझावा आहे.
चहात, वरणात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीत.

"तिथं जुन्या गल्लीत पाऊस आला ना,
तर कुणी हळहळत नाही.
या घरातून त्या घरात शिरायचं.
चपला काढायच्या, चटईवर बसायचं,
कडू हिरवा चहा, आणि काचेपलीकडे
हातरुमालाएवढी बाग.
तिच्यात पडतो तेवढाच पाऊस बघायचा.
बाकीचा आपला नाही."

आज शनिवार. काळ्या घोड्यापाशी घोटाभर पाणी,
विश्वामित्रीच्या पुलावर लोक मगरी मोजताहेत,
सात झाल्या म्हणे, एक ओंडका धरून.
म्हटलं, चला वन्सं,
आपणही छपराखालचं बडोदं बघू.

कमाटीबागेतलं म्युझियम.
एकतीस वर्षं या गावात संसार केला
आणि आत शेवटची गेले ती
मुलाच्या सहलीबरोबर, डब्यातल्या पुऱ्या सांभाळत.

दारात रणछोडभाई.
"चंपल काढवानी जरूर नथी, बेन."
वन्संनी तरी काढल्या.
त्यांच्या मोज्यांचे ओले ठसे
युरोपातून निघाले ते थेट इजिप्तपर्यंत.

ममीच्या पेटीशेजारी निळी बादली.
टप्.
बऱ्याच वेळानं, टप्.
चिठ्ठी नव्हती म्हणून, नाहीतर मी तीही
कुठल्या शतकातली ते वाचत बसले असते.
"हिला ओल सोसत नाही," रणछोडभाई म्हणाले,
घरातल्या दमेकरी माणसाबद्दल
पाहुण्यांना सांगावं तसं,
आणि बादली बोटभर सरकवली.

मग जपानचं कपाट.
लाखेची काळी पेटी, झाकणावर तीन सोनेरी बगळे,
त्यातल्या एकाचा पाय उडालेला.
मी जरा बाजूला झाले. आता वन्सं सांगतील
ही कशासाठी, कशी उघडायची,
कोणत्या गल्लीत अजून करतात.
वन्संनी काचेला नाक लावलं
आणि मलाच विचारलं,
"काय गं असेल आत?"

देवमाशापाशी पोचलो आणि दिवे गेले.

केवढी हाडं ती. अंधारात तर आणखी वाढली.
त्या बरगड्यांखाली आम्ही दोघी,
वर कुठेतरी पाऊस,
त्याच्याच पाठीवरून जात असल्यासारखा.

"सौमित्रचा फ्लॅट नवव्या मजल्यावर,"
वन्सं बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता,
तसंही काही दिसत नव्हतं.
"खिडकी उघडतच नाही. तशीच बनवलीय.
दोघंही सकाळी सातला जायची.
ती गल्ली...
सूनबाईंनी स्टेशनवरून एक पत्रक आणलेलं.
घडीचं, गुळगुळीत. फुकट मिळतं.
सात महिने होतं माझ्याजवळ.
बाग पान चारवर आहे."

मी काय बोलणार.
दरवर्षी माहेरी जाऊन मीही सांगत आले,
आमचं बडोदं, आमचा राजवाडा, गाण्याच्या बैठका,
जणू रोज संध्याकाळी
भाजी घेऊन मी तिथूनच परतते.
लक्ष्मी विलास आतून
अजून पाहिलेला नाही मी.
हे मात्र त्या अंधारातही
माझ्या तोंडून निघालं नाही.
नुसता त्यांचा हात धरला. गार होता,
आणि पिशवीतली छत्री दोघींच्या पायांवर गळत होती.

दिवे आले. देवमासा पुन्हा मापात बसला.
रणछोडभाई वन्संच्या चपला घेऊन उभे,
आतल्या बाजूनं रुमालानं पुसलेल्या.

येताना सेव उसळ खाल्ली, रिक्षातच,
ताडपत्रीचा पडदा गुडघ्यांवर ओढून.
वन्संनी दुसऱ्यांदा तरी मागितली.

रात्री ह्यांनी विचारलं, काय पाहिलं मग?
"तिथल्यासारखंच अरे,
एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.
फक्त तिथं बादली नसते."

मी भात वाढत होते.
म्हटलं, आणि रणछोडभाई?

"छे," त्या म्हणाल्या,
"ते तर पत्रकात कुठेच नाहीत."